त्लालोक म्हणजे आपला इंद्र? त्या पावसाळी फॉरवर्डला एकदाचं उत्तर

पावसाळा तोंडावर आला की हा फॉरवर्ड परत फिरायला लागतो, आता तर त्याचं रीलसुद्धा झालंय, मागे शंखनाद वगैरे. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक पाच हजार वर्षं जुने. त्यांचा पावसाचा देव त्लालोक म्हणजे आपला इंद्रच, हातातली वीज म्हणजे वज्र. पाण्याचं सगळं खातं या एकाच देवाकडे. पुढे हे लोक धर्म विसरून रानटी झाले आणि पावसासाठी दरवर्षी २० हजार लहान मुलं मारायला लागले. पाणी वळवायची-साठवायची अक्कल नव्हती, सगळा भरवसा बळींवर. १९६४ साली त्लालोकची मूर्ती हलवली तर भर उन्हाळ्यात आभाळ फाटलं, शास्त्रज्ञ गप्प! मग स्पॅनिश आले तेव्हा एका रात्रीत सगळं पुसलं गेलं. आणि सर्वात शेवटी हुकमाचा एक्का, की मेक्सिकोत आजही झेंडूच्या माळा लावतात आणि राजगिऱ्याचे लाडू खातात, आता बोला!

तर बोलतो. एकेक घेऊ. काही मुद्दे चार ओळींत निपटतील, काहींना वेळ लागेल, कारण त्यातलं जे खरं आहे ते या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी आहे आणि ते कुणी पुढे पाठवतच नाही.

"पाच हजार वर्षं जुने अ‍ॅझ्टेक"

नाही हो. ज्यांना आपण अ‍ॅझ्टेक म्हणतो ते स्वतःला मेशिका म्हणवायचे, आणि त्यांनी तेस्कोको सरोवरातल्या बेटावर तेनोच्तित्लान शहर वसवलं ते साधारण १३२५ मध्ये. म्हणजे इकडे ज्ञानेश्वरी लिहून झाली होती, देवगिरीचे यादव संपले होते, तेव्हा तिकडे हे लोक लव्हाळ्यात पहिली झोपडी बांधत होते. तीन शहरांची युती होऊन साम्राज्य उभं राहिलं १४२८ च्या आसपास आणि १३ ऑगस्ट १५२१ ला स्पॅनिश फौजेचा म्होरक्या कोर्तेस याने शहर घेतलं. शंभर वर्षंसुद्धा पुरती भरत नाहीत.

देव मात्र त्यांच्यापेक्षा खूप जुना आहे, हे खरं. चष्मा लावल्यासारखे गोल डोळे, वरच्या ओठाची मिशीसारखी गुंडाळी, खाली लोंबणारे सुळे, हा चेहरा तेओतिवाकानच्या भिंतींवर आणि मडक्यांवर मेशिका येण्याच्या कित्येक शतकं आधीपासून आहे. ते शहर मेशिकांच्या काळात पडीक होतं, पण त्यांना तिथल्या जुन्या वस्तूंचं एवढं अप्रूप की तिथले दगडी मुखवटे आणून त्यांनी आपल्या मुख्य देवळात पुरले. आजूबाजूला बघाल तर माया लोकांचा चाक, सापोतेकांचा कोसिहो, तोतोनाकांचा ताहिन, सगळे पावसाचेच देव. म्हणजे याचं घराणं शोधायचंच असेल तर सगळे भाऊबंद तिथेच आहेत, पार सिंधूपर्यंत यायची गरज काय?

"वीज हातात म्हणजे इंद्रच"

पाऊस आणि वीज एकत्र आली की इंद्र, असा नियम लावला तर ग्रीकांचा झ्यूस आणि नॉर्वेवाल्यांचा थॉर पण इंद्रच निघतात, मग जगात दुसरा देव उरतच नाही. ढग गडगडतो तिथे वीज चमकते, हे बघायला कुणी कुणाकडून शिकायला लागत नाही.

आता फरक बघा. इंद्र हा देवांचा राजा, योद्धा, त्याने वृत्राला मारलं आणि अडवलेलं पाणी सोडवलं. त्लालोकच्या नावावर अशी लढाईच नाही. लढाईचं खातं मेशिकांकडे वेगळ्या देवाचं, वित्सिलोपोच्त्लीचं, आणि शहराच्या मधोमध जो मोठा पिरॅमिड होता, ज्याला आता तेम्प्लो मायोर म्हणतात, त्याच्या डोक्यावर दोन गाभारे शेजारी शेजारी होते. दक्षिणेचा युद्धदेवाचा, लाल, आणि उत्तरेचा त्लालोकचा, निळा-पांढरा. एकाच उंचीवर, कुणी खाली नाही, कुणी वर नाही.

आणि त्लालोक आकाशात राहतच नाही! हे मला सगळ्यात आवडतं. तो डोंगरात राहतो. या लोकांच्या हिशोबाने डोंगर म्हणजे पाण्याने भरलेलं भांडं, वर नुसती मातीची साल, आतलं पाणी झऱ्यांतून बाहेर येतं आणि शिखराभोवती ढग होऊन जमतं. मेक्सिको सिटीच्या पूर्वेला चार हजार मीटरच्या वर उंचीचा डोंगर आहे, आजही नाव त्लालोकच, माथ्यावर दगडी आवार आणि तिथवर जाणारी लांबच लांब भिंतींमधली वाट अजून दिसते. दुरान नावाच्या फ्रायरने (म्हणजे ख्रिस्ती साधूने) लिहून ठेवलंय की तेनोच्तित्लानचा राजा आणि आजूबाजूच्या शहरांचे राजे वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, स्वतः तिथे चढून जायचे. मूर्तीला नवे कपडे, दागिने, आणि पुढ्यात जेवणाची ताटं मांडायचे, आणि ते सगळं तिथेच सोडून यायचं, पहारा ठेवून, चोरी होऊ नये म्हणून. तिथे एका लहान मुलाचा बळीही दिला जायचा. त्यावर खाली बोलणारच आहे, टाळत नाही.

पाऊस पडतो कसा, याची त्यांची गोष्ट तर ऐकाच. सोळाव्या शतकातल्या एका जुन्या नोंदीत आहे. त्लालोकच्या घरात चार खोल्या, मधे मोठं अंगण, अंगणात पाण्याचे चार मोठे हौद. एकातलं पाणी चांगलं, त्याने दाणे भरतात. दुसऱ्यातलं पाणी पडलं की पिकावर बुरशी आणि जाळं. तिसऱ्यातल्या पाण्याने कडाका पडून सगळं गोठतं. आणि चौथ्यातलं पडलं तर कणीसच धरत नाही. देवाच्या हाताखाली बुटके नोकर, त्लालोके, त्यांच्या एका हातात मडकं आणि दुसऱ्या हातात काठी. हुकूम झाला की हौदातलं पाणी मडक्यात घ्यायचं, सांगितलेल्या ठिकाणी ओतायचं, आणि काठीने मडकं फोडलं की तो गडगडाट, खापऱ्या उडतात ती वीज.

म्हणजे बघा, पडणारा प्रत्येक पाऊस चांगला नसतो हे त्यांनी देवाच्या अंगणातच मांडून ठेवलंय. द्राक्षाच्या बागेवर फेब्रुवारीत गारा पडलेल्या बघितलेल्या नाशिकच्या माणसाला हे लगेच कळेल. यात वृत्र नाही, युद्ध नाही, दैत्य नाही, चुकीचा हौद उघडला जाईल की काय एवढीच धास्ती आहे. याला इंद्र म्हणून टाकलं की ही सगळी गंमत गेली ना राव.

"पाण्याचा एकच देव"

हे वाचून तर हसूच आलं, कारण या लोकांनी पाण्याचं खातं जेवढं वाटून दिलं होतं तेवढं आपल्या जलसंपदा विभागातही नसेल. वरून पडणारं पाणी त्लालोकचं. पण जमिनीवर वाहणारं, साठलेलं, नदी, झरे, तळी, सगळं चालचीउत्लीक्वे या देवीचं, हिरव्या रत्नांचा घागरा घातलेली बाई. मूल जन्मलं की सुईण त्याला आंघोळ घालताना हिचंच नाव घ्यायची, आता ही तुझी आई तुला धुईल, जन्माबरोबर आलेली घाण नेईल, आणि ओठाला, छातीला, डोक्याला पाणी लावायची. स्पॅनिश पाद्र्यांनी हे बघितलं तेव्हा चक्रावलेच, कारण बाप्तिस्म्यासारखंच दिसत होतं. पण देवी गोडच नव्हती. आपलं जग पाचवं, आधीची चार नष्ट झाली, असं ते मानायचे. तिसऱ्या जगाचा सूर्य त्लालोक होता, ते आगीच्या पावसाने संपलं. चौथ्याचा सूर्य ही देवी, ते महापुराने बुडालं आणि माणसांचे मासे झाले.

मग मिठाच्या पाण्याची वेगळी देवी, विश्तोसीवात्ल. ती त्लालोकेंची थोरली बहीण, भावंडांत भांडण झालं आणि त्यांनी तिला खाऱ्या पाण्यात हाकलून दिलं, तिथे तिने मीठ शोधलं. मीठ काढणाऱ्यांची ती देवता, तिच्या सणाला मीठ करणाऱ्या बायका नाचायच्या. मासेमारीची जाळी आणि गळ यांचा देव ओपोच्त्ली. लव्हाळ्याच्या चटया विणणाऱ्यांचा नाप्पातेकुत्ली, कारण लव्हाळं पाण्यात उगवतं म्हणून तोही याच कुटुंबातला. वारा देव एहेकात्ल, तो पावसाच्या आधी रस्ता झाडून ठेवतो (जून सुरू व्हायच्या आधीची धूळ आठवा). शिवाय प्रत्येक मोठा डोंगर स्वतंत्र देव. सणाला घरोघरी राजगिऱ्याच्या पिठाचे छोटे डोंगर करायचे, त्यांना बियांचे डोळे-दात लावायचे, पूजा करायची आणि मग मोडून खायचे.

एत्सालक्वालिस्त्ली नावाचा सण पाऊस सुरू व्हायच्या दिवसांतला. पुजारी लव्हाळं कापायला दूर जायचे आणि परत येताना वाटेत जो कुणी भेटेल त्याला सरळ लुटायचे, कपडेसुद्धा ठेवायचे नाहीत, आणि त्याला कसलीही शिक्षा नव्हती! पण त्याच पुजाऱ्यांपैकी एखादा विधीत अडखळला, कपड्याला डाग लागला, तर त्याला सरोवरात नेऊन जीव जायची वेळ येईपर्यंत बुडवायचे. मग सगळे मिळून थंड पाण्यात उतरून पाणपक्ष्यांसारखे आवाज काढत आंघोळ करायचे, कुणी बदक, कुणी बगळा. लोक मका आणि घेवडा एकत्र शिजवून एत्साली करायचे, आणि काहीजण नाचत दारोदार फिरून ते मागायचे. मका-घेवडा एकत्र रटरटतोय म्हणजे पुढच्या पिकाची आशा आहे म्हणूनच घरातला दाणा मोकळ्या हाताने बाहेर काढलाय.

हे सगळं आपल्याला माहीत आहे ते मुख्यतः बेर्नार्दिनो दे साहागून या स्पॅनिश फ्रायरच्या बारा खंडांमुळे, आणि ते त्याने एकट्याने केलं नाही, म्हाताऱ्या मेशिकांना विचारून नावात्ल भाषेत लिहून घेणारे अंतोनियो वालेरियानोसारखे तिथलेच शिकलेले लोक होते. म्हणजे माहिती आहे, भरपूर आहे, फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बघितली नाही एवढंच.

"दरवर्षी २० हजार मुलं"

आता हा अवघड मुद्दा, आणि इथे दोन्ही बाजूंनी थापा चालतात. एक गट म्हणतो हजारोंनी मारायचे, दुसरा म्हणतो काहीच झालं नाही, सगळा स्पॅनिशांचा अपप्रचार. दोघंही चूक.

आधी तो आकडा. २० हजार आला कुठून, तर मेक्सिकोचा पहिला बिशप हुआन दे सुमारागा याच्या १५३१ च्या पत्रातून. तो तिथे पोचला १५२८ च्या शेवटी, म्हणजे शहर पडून सात वर्षं झाली होती, त्याने स्वतः एकही बळी बघितलेला नाही. आणि त्याने लिहिलंय ते माणसांच्या काळजांबद्दल, मुलांबद्दल नाही. त्यात गंमत म्हणजे त्याच पत्रात आपण ५०० देवळं पाडली आणि २० हजार मूर्ती फोडल्या अशीही फुशारकी आहे. हाच गोल आकडा दोनदा. 'खूप' म्हणायचं असेल तर २० हजार, असला मामला. पुढे कुणीतरी काळजांच्या जागी मुलं घातली आणि फॉरवर्डने ते उचललं.

पण मुलांचे बळी दिले जायचे, हे शंभर टक्के खरं आहे. १९७८ मध्ये मेक्सिको सिटीत वीज कंपनीच्या कामगारांना खोदताना एक मोठी कोरलेली शिळा सापडली आणि मग एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या हाताखाली तेम्प्लो मायोरचं उत्खनन सुरू झालं. तिथे त्लालोकच्या बाजूला एक दगडी पेटी निघाली, तिला अर्पण क्रमांक ४८ म्हणतात. आत वाळूचा थर, त्यावर किमान ४२ मुलांची हाडं. बहुतेक दोन ते सात वर्षांची. काहींच्या तोंडात हिरव्या दगडाचा मणी. निळ्या रंगाचे अंश, शिंपले, आणि वर त्लालोकचा चेहरा असलेल्या मडक्यांसारखी ११ दगडी शिल्पं, जणू त्या मडक्यांतून पाणी ओतलं जातंय अशी. हाडं तपासल्यावर दिसलं की बऱ्याच मुलांची तब्येत खराब होती, रक्त कमी, दात किडलेले.

आणि काळ कुठला? लिओनार्दो लोपेस लुहान यांच्यासारखे संशोधक ही पेटी १४५४ च्या मोठ्या दुष्काळाशी जोडतात. तो दुष्काळ साधा नव्हता. त्या दशकाच्या आधी टोळधाड, मग १४४९ चा पूर, मग अवेळी पडलेलं दव गोठून मका जळाला, मग पाऊसच नाही. वर्षाचं नाव 'एक ससा', आणि ते वर्ष लोकांच्या एवढं लक्षात राहिलं की पुढे दर बावन्न वर्षांनी ते परत येताना धडकी भरायची. माणसं स्वतःला आणि पोरांना मक्याच्या कणसांच्या बदल्यात किनाऱ्याकडच्या तोतोनाकांना विकत होती, कारण तिकडे पाऊस झाला होता. म्हणजे ही पेटी भरली गेली तेव्हा शहर उपाशी होतं, आणि त्यातही पेटीत गेली ती आजारी पोरं. कुणाची, हे हाडांवरून सांगता येत नाही, पण श्रीमंतांची नक्की नसावीत असं मला वाटतं.

एरवीच्या वर्षांतही ठरलेल्या सणांना, ठरलेल्या डोंगरांवर मुलं नेली जायची. साहागूनने डोंगरांची नावं दिलीत, एकेका जागी एकेक मूल असा हिशोब दिसतो, हजारोंचा नाही. मुलं आयांकडून विकत घ्यायचे, डोक्यावर दोन भोवरे असलेली. आपल्याकडे दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं म्हणून पोराला चिडवतात, तिकडे त्याचा अर्थ हा होता. पालखीत बसवून, पिसं आणि कागद लावून, वाजतगाजत न्यायचे, आणि वाटेत मूल रडलं तर चांगला शकुन, पाऊस येणार. पण त्याच वर्णनात असंही आहे की बघणारे लोक रडायचे. हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण रानटी, दगडाच्या काळजाचे वगैरे जी भाषा फॉरवर्डमध्ये आहे ती यावर टिकत नाही. ते भयंकर होतं, आणि करणाऱ्यांनाही ते भयंकर वाटत होतं, आणि तरी ते करत होते. याचं समर्थन करायची मला काही गरज वाटत नाही, पण आकडा फुगवून त्याचं कार्टून करायचीही नाही.

आणि रोजचं अर्पण काय असायचं? बहुतेक वेळा कागद. झाडाच्या सालीचा आमाते कागद, त्यावर रबराचा पातळ चीक थेंब थेंब टाकायचा, वाळला की काळे ठिपके, पावसाच्या थेंबांसारखे. रबर जाळलं की दाट काळा धूर, ढगासारखा. ४२ मुलांच्या पेटीबद्दल सगळे बोलतात, या ठिपक्यांच्या कागदाबद्दल कुणी बोलत नाही.

"पाण्याची अक्कल नव्हती"

हे ज्याने लिहिलं त्याला नमस्कार. अहो, शहरच पाण्यात होतं! तेस्कोको सरोवराचं पाणी खारं-मचूळ, दक्षिणेकडून येणारं पाणी गोडं, आणि दोन्ही एकत्र झाली तर शेती खलास. १४४९ च्या पुरानंतर काठावरच्या तेस्कोको शहराचा राजा नेसावालकोयोत्ल याच्या देखरेखीखाली सरोवरातून साधारण १६ किलोमीटर लांब बांध घातला गेला, त्याला दारं ठेवली, खारं पाणी पलीकडे आणि गोडं पाणी शहराच्या बाजूला. हाच माणूस कवी म्हणूनही प्रसिद्ध, म्हणजे राजा, इंजिनिअर, कवी, सगळं एकाच घरात.

प्यायचं पाणी चापुलतेपेकच्या झऱ्यावरून यायचं, दोन पाटांच्या जोडीने. एक चालू, दुसरा रिकामा. एक घासायला काढला की पाणी दुसऱ्यात सोडायचं, शहराचं पाणी बंद नाही. हे मी सांगत नाही, कोर्तेसनेच स्पेनच्या राजाला १५२० च्या पत्रात लिहिलंय, आणि हेही की पुलाखाली होड्या लावायच्या, वरून पाणी ओतून घ्यायचं आणि शहरभर फिरून विकायचं. टँकरच, फक्त पाण्यावर तरंगणारा. आणि चिनांपा, म्हणजे सरोवराच्या उथळ भागात गाळ आणि लव्हाळं रचून केलेली शेतं, त्यातली काही शोचिमिल्कोला आजही पिकतात.

पण यातली सगळ्यात भारी गोष्ट तेनोच्तित्लानचा राजा आवित्सोत्ल याची. १४९९ च्या सुमारास याला वाटलं शहराला पाणी कमी पडतंय, कोयोआकानच्या झऱ्याचं आणू. तिथला सरदार त्सोत्सोमा म्हणाला, महाराज, हा झरा बेभरवशाचा आहे, अचानक उसळतो, शहर बुडेल. राजाला राग आला, सरदाराला मारलं. पाट बांधला. पाणी सोडलं त्या दिवशी काय थाट! पुजारी चालचीउत्लीक्वेच्या वेशात, निळे रंगलेले, लावे कापून त्यांचं रक्त पाण्यात, धूप, बळी, पाण्याला 'ये बाई, आपल्या घरी ये' अशा अर्थाचं स्वागताचं भाषण. आणि बाई आली! अशी आली की चिनांपा गेले, घरं गेली, राजवाड्यात पाणी शिरलं. शेवटी तेस्कोकोच्या राजाचा सल्ला घ्यावा लागला, देवीची माफी मागितली, पाणबुडे झऱ्याच्या तोंडाशी उतरवले आणि तो बंद करवला. एक गोष्ट अशी सांगतात की पुरातून पळताना राजाचं डोकं आपटलं आणि तो पुढे १५०२ मध्ये त्यातच गेला. आणि योगायोग बघा, आवित्सोत्ल हे नाव मुळात पाण्यातल्या एका भुताळ कुत्र्यासारख्या प्राण्याचं, ज्याच्या शेपटीच्या टोकाला माणसाचा हात असतो आणि तो काठावरच्या माणसाला आत ओढतो.

तर इंजिनिअरिंग होतं, पूजाही होती, आणि एकीच्या जागी दुसरी नव्हती, पाट आधी बांधायचा मग पुजायचा. अक्कल कुणाला नव्हती ते नंतर दिसलं. १५२१ च्या वेढ्यात स्पॅनिशांनी आधी चापुलतेपेकचा पाट तोडला, जहाजं आत घ्यायला बांधाला भगदाडं पाडली. पुढे त्याच जागेवर नवं शहर वसवलं, आणि १६२९ मध्ये जो पूर आला त्याचं पाणी पाच वर्षं ओसरलं नाही.

"१९६४, मूर्ती हलली आणि आभाळ फाटलं"

अर्धं खरं. कोआत्लिंचान गावाजवळच्या ओढ्यात एक प्रचंड शिळा आडवी पडलेली होती, उंची सात मीटर, वजन सुमारे १६८ टन सांगतात. ती नव्या मानववंशशास्त्र संग्रहालयासाठी मेक्सिको सिटीत न्यायचं ठरलं. गाव विरोधात गेलं, ट्रेलरची मोडतोड केली, टायर पंक्चर केले, शेवटी सरकारने सैनिक आणले. १६ एप्रिल १९६४ ला खास बनवलेल्या ट्रेलरवरून शिळा निघाली, रात्री शहरात पोचली आणि जोरदार पाऊस आला. पाऊस खरंच आला, त्याबद्दल वाद नाही.

पण तिथला पावसाळा मे ते ऑक्टोबर. एप्रिलच्या मध्यात दुपारनंतर वळीव कोसळणं यात शास्त्रज्ञांनी गप्प बसण्यासारखं काही नाही, आपल्याकडे पण मेमध्ये वळवाने मांडव उडतात, तेव्हा कुणी मूर्ती हलवलेली नसते. दुसरं म्हणजे ही शिळा अ‍ॅझ्टेकांची नाहीच, ती त्यांच्या कितीतरी आधीची, तेओतिवाकानच्या काळातली मानतात. तिसरं, ती त्लालोक आहे हेही पक्कं नाही! आल्फ्रेदो चावेरोने तिला चालचीउत्लीक्वे म्हटलं होतं, १९०३ मध्ये लिओपोल्दो बात्रेसने त्लालोक म्हटलं, सरकारने बात्रेसचं उचललं आणि तेच चिकटलं. आजही अनेक अभ्यासकांचं मत देवीच्या बाजूने आहे. म्हणजे ज्या पावसाचं श्रेय देवाला दिलं तो देव बहुधा देवी आहे.

मला विचाराल तर या प्रकरणातला खरा मुद्दा पाऊस नाहीच, गावकऱ्यांचा आहे. त्यांची शिळा राजधानीच्या शोभेसाठी नेली आणि बदल्यात सोयी देऊ केल्या. आता गावच्या चौकात तिची प्रतिकृती आहे. यावर रील कुणी करत नाही.

"एका रात्रीत सगळं पुसलं गेलं"

देवळं पडली, पुजारी गेले, पोथ्या जाळल्या, हे झालंच. पण डोंगर कुणी पाडू शकलं नाही. पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या आसपासच्या गावांत आजही ग्रानिसेरो असतात, गारा वळवणारे आणि पाऊस मागणारे, आणि हे काम आपल्याला आवडलं म्हणून करता येत नाही, वीज अंगावर पडून वाचलात तर ती निवड समजायची. ३ मेला पवित्र क्रुसाचा सण असतो, तेव्हा लोक डोंगरावरच्या क्रुसांपुढे आणि गुहांमध्ये फुलं आणि जेवण ठेवतात, नाव ख्रिस्ती, वेळ पावसाच्या आधीची. गेरेरो राज्यातल्या सित्लालाला मेच्या सुरुवातीला पुरुष मंडळी जॅग्वारचे (तिकडचा वाघासारखा प्राणी) चामड्याचे मुखवटे घालून दोरखंडांनी एकमेकांना झोडपतात, रक्त सांडलं तर पाऊस चांगला होतो म्हणून. आणि पांतीत्लान, सरोवरातली ती भोवऱ्याची जागा जिथे त्लालोकसाठी अर्पणं बुडवायचे, तिथे आता पाणी नाही, मेट्रोचं मोठं जंक्शन आहे, नाव मात्र तेच.

"झेंडू आणि राजगिरा हा पुरावा"

हा मुद्दा बघून तर मला त्या लेखकाला चहा पाजावासा वाटला, कारण पुरावा एकदम बरोबर आहे, फक्त उलटा धरलाय. झेंडू मूळचा मेक्सिको आणि आसपासचा. सोळाव्या शतकानंतर पोर्तुगीज वगैरेंच्या जहाजांतून तो इकडे आला, आणि आता दसऱ्याला त्याच्याशिवाय आपलं दार सजत नाही. त्याचाच भाऊबंद, यावत्ली नावाची बडीशेपेच्या वासाची झेंडूची जात, त्लालोकपुढे धूप म्हणून जळायची. राजगिऱ्याचंही तेच. धान्याचा राजगिरा अमेरिका खंडात माणसाळला, मेशिकांना तो खंडणीत पोत्यांनी यायचा, आणि वर सांगितलेले ते छोटे डोंगर याच पिठाचे. तिकडे त्याच्या लाह्या गोड पाकात वळून आलेग्रिया करतात, इकडे आपण गुळात लाडू करतो आणि एकादशीला खातो. मका, मिरची हे तर सांगायलाच नको.

तेव्हा पुढच्या जूनला हा फॉरवर्ड आला की निदान हा शेवटचा मुद्दा तरी सरळ करून पाठवा, म्हणजे उपासाला कुठल्या देवाच्या गावचं धान्य खातोय ते ग्रुपवरच्या काकूंना कळेल.